आधी सुकणं, मग विषय

प्रिय बाय,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र वाचलं. वर्गाने केलेल्या नरकासुराच्या कागदी मुखवट्यांना आतून काळी बुरशी आली, प्रदर्शन चार दिवसांवर आलंय, आणि मुख्याध्यापिकाबाई म्हणतात की राहिलेलं काम घरी नेऊन तूच पुरं कर. वर तू विचारतेस, तिसरीच्या मुलांना मुखवटा झेपत नाही का? झेपतो. न झेपणारी गोष्ट आपल्या सत्तरी तालुक्यातली सप्टेंबरची दमट हवा आहे. ती मुलांच्या माथी मारू नकोस.

बुरशीचे मुखवटे टाकून दे. त्यांवर रंग चढवलास तर बुरशी रंगाखालून वर येते, आणि तो मुखवटा मूल नाकातोंडावर बांधणार आहे. घरी नेऊन पुरं करण्याचा विषय तर काढूच नकोस. आपण न रंगवलेला मुखवटा आपल्या नावाच्या चिठ्ठीसह भिंतीवर टांगलेला मुलाला बरोबर ओळखू येतो.

आता मुद्द्याचं. प्राथमिकचा कलाप्रकल्प आखायचा तो शेवटाकडून. काम कुठे सुकणार, किती दिवस सुकणार, तोवर त्या बाकावर कोण बसणार, हे आधी. विषय मागाहून. चवथ म्हणजे गणेशचतुर्थी, दिवाळी, शिमग्याचा शिगमो, विषयांना गोव्यात काय तोटा? तोटा आहे तो कोरड्या हवेचा. जुलैत हवेतला दमटपणा 85 टक्क्यांच्या वर असतो आणि परतीचा पाऊस ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत रेंगाळतो. तू वापरतेस ती प्रकल्पांची पुस्तकं कोरड्या गावांत लिहिलेली असतात. त्यांतलं "रात्रभर सुकू द्या" आपल्याकडे चार दिवसांनीही खरं होत नाही.

कागदाच्या लगद्याचे आणि पट्ट्यांचे मुखवटे नोव्हेंबर ते फेब्रुवारी या दिवसांत घे. खळ रोज ताजी करायची. 1 वाटी मैदा 1 वाटी थंड पाण्यात गुठळी न ठेवता कालव, ते 4 वाट्या उकळत्या पाण्यात ओत, पारदर्शक दिसेपर्यंत ढवळ आणि उतरव. चिमूटभर तुरटी टाक. जुने लोक मोरचूद घालत, ते विषारी आहे, मुलांच्या हाताशी नको. खळ दुसऱ्या दिवशी आंबते, तेव्हा उरली तर फेकायची.

वर्तमानपत्र कात्रीने कापू देऊ नकोस, फाडू दे. फाटलेल्या कडेचे धागे सपाट चिकटतात, कापलेली कड वर उचलली जाते. पट्टी दोन बोटं रुंद. ती खळीत बुडवायची आणि दोन बोटांच्या चिमटीतून ओढून जास्तीची खळ निपटायची. बुरशी इथेच येते बघ, मुलं ही निपटण्याची पायरी गाळतात आणि आपण बघत नाही. साचा म्हणून फुगा नको. दुपारच्या उन्हात तो फुगतो, रात्री आकसतो आणि ओला थर सुरकुततो. प्लास्टिकचा वाडगा पालथा घाल. त्याला तेल लावलंस तर ते कागदात मुरतं आणि पुढे रंग धरत नाही, म्हणून पहिला थर नुसत्या पाण्यात भिजवलेल्या कागदाचा. त्यावर खळीचे चार, दिवसाला दोनांहून जास्त नाहीत. कड कडक झाली की साच्यावरून काढून उपडा-सुलटा करत राहा, म्हणजे हवा दोन्ही बाजूंनी लागते. केस सुकवायच्या यंत्राने घाई करू नकोस. वरचं कवच कडक होतं, ओल आत कोंडते.

तू लिहिलंस, "पावसात मग काहीच करायचं नाही का?" अगं, पाऊस तर मातीचा! सुकणं बघून विषय निवडायचा म्हणजे हेच. माती उन्हात वरून पटकन सुकते, आकसते, आतली ओली राहते, म्हणून तडकते. तीच जुलैच्या दमट हवेत हळूहळू, सगळीकडून सारखी सुकते. चवथीआधी गावच्या चित्रशाळेत, म्हणजे गणपती घडवतात तिथे, जा आणि मूर्तिकाराकडून मळलेली चिकणमाती माग. मुलामागे 200 ग्रॅम पुरे. जाडी बोटाएवढी, त्याहून जाड हत्ती केलाच तर पोटाखालून चमच्याने पोकळ करायचा. सोंड नुसती दाबून चिकटवली तर सुकताना गळून पडणारच. दोन्ही बाजू काडीने ओरबाडायच्या, त्यांवर सायीएवढा दाट चिखल लावायचा, मग दाबायचं. दोन दिवस प्लास्टिकखाली, पुढे वर्तमानपत्राखाली, मग उघडं. न भाजलेली वस्तू पाण्यात विरघळते, हे मुलांना आधीच सांगून टाक.

कावीचं, म्हणजे तांबड्या-पांढऱ्या भित्तिचित्रांच्या कलेचं, तू विचारलंस. पेडणे तालुक्यातल्या काही जुन्या देवळांच्या भिंतींवर ती अजून बघायला मिळते. पांढऱ्या चुन्याच्या गिलाव्यावर तांबडा थर देत आणि तो ओलसर असतानाच टोकदार हत्याराने कोरत, म्हणजे खालचं पांढरं दिसे. एकदा सुकलं की संपलं. सुकण्याचं घड्याळ त्या कारागिरांच्याही डोक्यावर होतं, मग तुझ्या माझ्या का नसावं? वर्गात करताना कार्ट्रिज कागदावर, म्हणजे चित्रकलेच्या जाड कागदावर, पांढऱ्या मेणाच्या खडूचा जाड थर, कागद अजिबात दिसता कामा नये. वर तांबड्या पोस्टर रंगात थोडा तपकिरी. दोन चमचे रंगाला भांड्यांच्या साबणाचा एक थेंब, नाहीतर रंग मेणावर थेंबाथेंबाने गोळा होतो. दोन पातळ हात द्यायचे. जाड दिलास तर कोरताना खपल्या निघतात. संपलेलं बॉलपेन कोरायला उत्तम. हे डिसेंबरात. पावसात करायचंच असेल तर रंगाऐवजी वरचा थर तांबड्या ऑईल पेस्टलचा दे. सुकवायचं काहीच उरत नाही, लगेच कोरता येतं.

पणजीतल्या निळ्या-पांढऱ्या फरशांसारखं करायचं तर 10 सेंटिमीटरचे चौकोन आणि फक्त निळा खडू. हेही बारमाही चालतं, त्यामुळे यावर पत्र खर्च करत नाही.

तुझ्याकडे 30 मुलं आहेत. ए-फोर कागद उभा टांगला तर एकाला 25 सेंटिमीटर जागा लागते, म्हणजे साडेसात मीटर दोरी. एका भिंतीवर मावणार नाही, दोन दोऱ्या बांधाव्या लागतील. एवढा हिशेब न करता रंगाच्या बाटल्या उघडणारे शिक्षक पाहिले की मला राग येतो. मला हट्टी म्हणतात, म्हणोत. ओले कागद एकमेकांवर रचले की एकाचं चित्र दुसऱ्याच्या पाठीला चिकटून येतं, आणि रडणाऱ्या मुलाला "परत काढ हं" म्हणण्याची पाळी हट्टी माणसावर येत नाही.

या चार दिवसांत काय करशील? कार्डशीटचे मुखवटे. ए-फोर कार्ड आडवं धरून वर दोन आणि खाली दोन, असे 5 सेंटिमीटरचे उभे काप द्यायचे. कापाच्या कडा एकमेकींवर दीड-दोन सेंटिमीटर सरकवून स्टेपल केल्या की कपाळ आणि हनुवटी पुढे फुगतात. पिनेचे पाय बाहेर यायला हवेत, आत राहिले तर गाल ओरबाडतात. वर चिकटपट्टी लाव. दात, जीभ, भुवया, शिंगं वेगळ्या कार्डाची, मुलांना हवी तशी आणि हवी तेवढी. नमुना फळ्यावर टांगू नकोस, नाहीतर एकाच आईचे 30 नरकासुर होतील. रंग खडूचा. एक 40 मिनिटांचा तास कापण्या-वाकवण्यात जाईल, दुसरा सजवण्यात. तिसरा राखून ठेव, कारण दोघातिघांचे काप पार मधोमध पोचलेले असतील आणि त्यांना नवं कार्ड लागेल.

दोरी काथ्याची घेऊ नकोस, कूस कागदाला लागते. नायलॉनची घे. भिंतीतल्या खिळ्यांना बांध, खिडकीच्या गजाला नको, झड आली की पहिल्यांदा तिथेच येते.

तुझा,
सर