'गायक-गीतकार' नव्हे, वाग्गेयकार

ग्रेगरी पोर्टर या जॅझ-सोल गायकाच्या परिचयात 'सिंगर-साँगरायटर'साठी 'गायक-गीतकार' लिहिले तर चालेल का, असा प्रश्न आहे. नाही चालणार. हा जोडशब्द वाचून वाचून डोके उठले आहे. मराठीत गीतकार म्हणजे शब्द लिहिणारा. गदिमा गीतकार, बाबूजी संगीतकार, ही वाटणी आपल्याकडे शाळकरी पोरालाही ठाऊक असते. पोर्टर शब्दही रचतो आणि चालही बांधतो. त्याला नुसता गीतकार म्हटले की त्याची निम्मी कमाई आपण परस्पर दुसऱ्याच्या नावावर टाकतो.

शब्द आपल्या घरात आहे: वाग्गेयकार. तेराव्या शतकात देवगिरीला, सिंघण यादवाच्या पदरी असलेल्या शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकर' या आपल्या संगीतशास्त्रावरच्या ग्रंथात त्याची व्याख्या दिली आहे. वाक्, म्हणजे शब्द, तो 'मातु'; गेय, म्हणजे चाल, तो 'धातु'; आणि दोन्ही करतो तो वाग्गेयकार. गंमत बघा, व्याकरणात धातू शब्दाच्या मुळाशी असतो. संगीतवाल्यांनी तो शब्दाकडून काढून सुराला दिला!

आणि मातु? काही पंडित संस्कृतातल्या 'मा', म्हणजे मोजणे, याकडे बोट दाखवतात. मला ते अजिबात पटत नाही. कन्नडमध्ये आजही 'मातु' म्हणजे बोलणे, शब्द. जुन्या मराठीत 'मात' म्हणजे गोष्ट, वार्ता. यादवांचे शिलालेख मराठीत आहेत तसे कन्नडमध्येही आहेत. शार्ङ्गदेव तिथला श्रीकरणाधिप, म्हणजे हिशेबखात्याचा प्रमुख होता. दोन्ही भाषा त्याच्या कानावर रोज पडत असणार. हा लोकांच्या तोंडचा शब्द शास्त्रात शिरला आहे, असे माझे ठाम मत आहे. त्यावर संस्कृतचा मुलामा चढवण्याचा अट्टहास कशासाठी?

शार्ङ्गदेवाने प्रतवारीही लावली आहे. मातु आणि धातु दोन्हींत निपुण तो उत्तम. चाल सरस पण शब्द बेताचे, तो मध्यम. शब्द सुंदर पण चाल दुबळी, तो चक्क अधम! आणि दुसऱ्याच्या चालीवर शब्द बसवणाऱ्याला वेगळेच नाव: कुट्टिकार. जॅझमध्ये हे काम करणारी अख्खी परंपरा आहे. सॅक्सोफोनवादक जेम्स मूडीने 1949 मध्ये वाजवलेल्या तुकड्यावर एडी जेफरसन या गायकाने सुरासुराला शब्द बसवले. तिकडे त्याला व्होकलीज म्हणतात. जेफरसन, जॉन हेंड्रिक्स हे अव्वल दर्जाचे कुट्टिकार. पोर्टरचा मार्ग वेगळा आहे.

'वाग्गेयकार ही पदवी कर्नाटक संगीताच्या त्रिमूर्तीची, त्यागराज-दीक्षितर-श्यामा शास्त्रींचीच, तिला हात लावू नका' असे बजावणारे जाणकार भेटतात. देवगिरीत व्याख्या झालेला शब्द मराठी माणसाने वापरायला तंजावरची परवानगी लागत नाही. कुमार गंधर्वांना तो लावतात, तेव्हा कोण अडवते?

उत्तम वाग्गेयकाराच्या गुणांत 'देशस्थितिषु चातुरी' आणि 'हृद्यशारीरशालिता' आहेत: आपल्या मुलखाची रीत जाणणे, आणि मनाला भिडणारा उपजत आवाज. पोर्टर कॅलिफोर्नियातल्या बेकर्सफील्डमध्ये वाढला. आई धर्मोपदेशक, त्यामुळे चर्चमधले गॉस्पेल, म्हणजे भक्तिगायन, अंगात मुरलेले. घरात जॅझ गायक नॅट किंग कोलच्या तबकड्या. वडील दूर असल्याने त्या आवाजालाच त्याने मनोमन वडील मानले. पुढे डॉनी हॅथवे आणि बिल विदर्स हे सोल गायकही त्याच्या गाण्यात उतरले. 2013 च्या 'लिक्विड स्पिरिट' या त्याच्या अल्बमचे शीर्षकगीत ऐका. वळवलेल्या नद्या मोकळ्या सोडा, असे शब्द सांगतात, आणि खाली चर्चमधल्या टाळ्यांचा ठेका त्या पाण्याला वाट करून देतो. '1960 व्हॉट?' या त्याच्या गाण्यात तर शीर्षकातला प्रश्नच चालीचा मुखडा होतो. जळते डेट्रॉइट आणि मेम्फिसमधल्या लॉरेन मोटेलच्या सज्जात मार्टिन ल्यूथर किंग यांना लागलेली गोळी, हे सगळे त्या एका मुखड्याभोवती फिरते. यातला मातु उचलून दुसऱ्या धातूवर ठेवून बघा, गाणे तिथल्या तिथे कोसळते.

तेव्हा 'गायक आणि वाग्गेयकार' असेच लिहा. मात्र 2017 च्या 'नॅट किंग कोल अँड मी' या अल्बमबद्दल लिहिताना 'गायक' पुरे. तिथे बहुतेक गाणी कोलच्या भांडारातली, इतरांनी रचलेली आहेत. अपवाद 'व्हेन लव्ह वॉज किंग'चा. ते पोर्टरचे स्वतःचे, आधी 'लिक्विड स्पिरिट'मध्ये आलेले. तेवढ्यापुरते 'वाग्गेयकार' हवेच.