एआय खरं की नुसतं लेबल? विक्रेत्याला चुका विचारा

तुमचा प्रश्न असा : ७२ फ्लॅटच्या सोसायटीसाठी दोन कोटेशनं आली आहेत. एक साध्या सीसीटीव्हीचं, दुसरं ‘एआय सिक्युरिटी’चं, जवळजवळ दुप्पट रकमेचं. कमिटीतले निम्मे लोक दुसऱ्याच्या प्रेमात आहेत, आणि त्यात खरोखर एआय आहे की नुसतं नाव, हे तुम्हाला जाणून घ्यायचंय.

सगळ्यात आधी एक. ‘यात एआय आहे का?’ हे विक्रेत्याला विचारूच नका. उत्तर ‘हो’च येणार, आणि बहुतेक वेळा ते खोटंही नसतं. त्याऐवजी विचारा, ‘हे कुठे चुकतं आणि किती चुकतं?’ ज्याने खरंच काही बनवलंय, त्याने चुका मोजलेल्या असतात, कारण मोजल्याशिवाय ते सुधारताच येत नाही. ‘चुकतच नाही साहेब’ म्हणणाऱ्याला चहा पाजा आणि निरोप द्या.

माझी रोजीरोटी कारखान्यातल्या कॅमेरा-तपासणीवर चालते, त्यामुळे कॅमेऱ्यावर जरा सविस्तर लिहितो. साध्या डीव्हीआरमध्येही (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारा डबा) ‘मोशन डिटेक्शन’ कित्येक वर्षांपासून आहे. मागची फ्रेम आणि आताची फ्रेम यांची वजाबाकी करायची, फरक ठरावीक मर्यादेपुढे गेला की अलार्म. यात शिकणं-बिकणं काही नाही. म्हणून झाडाची फांदी हलली, पाऊस लागला, गाडीचा हेडलाइट भिंतीवरून फिरला तरी अलार्म. रात्री इन्फ्रारेडच्या उजेडाला किडे येतात, त्यांच्यामागे कोळी येतो, लेन्ससमोर जाळं विणतो, आणि सेक्रेटरीचा मोबाइल पहाटेपर्यंत वाजत राहतो. हेच ‘स्मार्ट अलर्ट’ म्हणून विकणारे महाभाग आहेत.

दुसरा प्रकार न्यूरल नेटवर्कचा. माणसं, गाड्या, कुत्री यांचे ढिगाने फोटो दाखवून शिकवलेला. तो ‘काहीतरी हललं’ एवढ्यावर न थांबता ‘माणूस आला’ असं सांगतो. हे अस्सल एआय आहे, यात वाद नाही. पण आता ते इतकं स्वस्त झालंय की घरगुती कॅमेऱ्यांतही मिळतं. तेव्हा तुमच्या दुसऱ्या कोटेशनमध्ये खरं एआय निघालं, तरी तेवढ्यासाठी दुप्पट पैसे मोजायचं कारण नाही.

आता ब्रोशरमधला तो ‘९९ टक्के अचूक’ आकडा. कशावर मोजला, हे त्यात कधीच नसतं. गेटवर गाड्यांच्या नंबरप्लेट वाचणार म्हणतात. हाय सिक्युरिटी प्लेट असेल तर सोपं आहे, अक्षरं ठरलेली असतात. पण आपल्याकडे ४१४१ चं ‘दादा’ आणि ८०५५ चं ‘बॉस’ करून मिरवणाऱ्या गाड्या काही कमी नाहीत. शिवाय जुलैमधला चिखल, पाटीच्या अर्ध्या भागावर आलेलं जाळीचं गार्ड, देवनागरी आकडे. तुमच्या पार्किंगमध्ये जे उभं असतं त्यावर किती टक्के, ते सांगा म्हणावं.

आणि ९९ टक्के खरे धरले तरी हिशोब करून बघा. दिवसभरात कॅमेऱ्यांसमोर २,००० हालचाली झाल्या आणि त्यातल्या एक टक्क्यावर चुकीचा अलार्म वाजला, तर रोज २० खोटे अलार्म. चोर वर्षातून एकदा आला तर आला. तिसऱ्या दिवशी वॉचमन आवाज बंद करून टाकेल, आणि त्याचं काही चुकलं असं मला तरी वाटणार नाही.

चुका दोन जातींच्या असतात, हे त्यासाठी लक्षात ठेवायचं. जे पकडायचं ते सुटलं ही एक, आणि जे नव्हतंच ते दाखवलं ही दुसरी. एकच ‘अचूकता’ सांगणारा माणूस या दोन्ही एका आकड्यात लपवतो. क्षयरोगाच्या पहिल्या चाळणीसाठी जागतिक आरोग्य संघटनेची २०१४ मधली किमान अपेक्षा बघा : १०० रुग्णांपैकी ९० सापडायला हवेत, आणि निरोगी १०० पैकी ३० जणांवर उगाच संशय आला तरी चालेल, कारण पुढे त्यांची थुंकीची तपासणी होणारच असते. तीस टक्के चूक चालेल, असं उघड लिहून ठेवलंय! छातीचा एक्स-रे वाचणाऱ्या संगणक प्रणाली १५ वर्षांपुढच्या लोकांच्या क्षयरोग चाळणीसाठी वापरायला याच संघटनेने २०२१ मध्ये मान्यता दिली. त्याआधी निरनिराळ्या कंपन्यांची सॉफ्टवेअर तपासली गेली, त्यात मुंबईच्या क्युअर डॉट एआयचंही होतं. याला मी खरं एआय म्हणतो. चुकत नाही म्हणून नव्हे. किती चुकतं ते बाहेरच्यांनी मोजलंय म्हणून.

बाहेरच्याने मोजणं हा यातला कळीचा भाग. प्रोटीनचा आकार ओळखण्याची कॅस्प नावाची स्पर्धा १९९४ पासून दर दोन वर्षांनी होते. स्पर्धकांना नुसती अमिनो आम्लांची साखळी देतात. प्रयोगशाळेत ठरवलेला आकार तोवर प्रसिद्ध झालेला नसतो, म्हणजे पाठांतराला वावच नाही. २०२० मध्ये गूगल समूहातल्या डीपमाइंड कंपनीच्या अल्फाफोल्ड २ या एआय प्रणालीने तिथे बाकीच्यांना पार मागे टाकलं. २०२४ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये डीपमाइंडच्याच डेमिस हसाबिस आणि जॉन जम्पर यांना वाटा मिळाला तो या कामासाठी.

उलट बाजूचं उदाहरणही सांगण्यासारखं आहे. मधुमेहामुळे डोळ्यांच्या पडद्याला होणारा बिघाड ओळखणाऱ्या गूगलच्या प्रणालीचे निष्कर्ष २०१६ मध्ये आले. त्यात मदुराईच्या अरविंद आणि चेन्नईच्या शंकर नेत्रालयाचा सहभाग होता आणि निकाल उत्तम होते. पुढे थायलंडच्या दवाखान्यांत तीच प्रणाली वापरली, तर पाचांतल्या एकाहून जास्त फोटो तिने ‘नीट दिसत नाही’ म्हणून नाकारले. खोलीत पुरेसा अंधार करता येत नव्हता, इंटरनेट रखडत होतं. हे गूगलच्याच संशोधकांनी २०२० मध्ये जाहीर केलं. माझा विश्वास अशा कागदांवर बसतो, ब्रोशरवर नाही.

मग निव्वळ बनाव कसा असतो? अमेरिकेत ‘नेट’ नावाचं खरेदीचं अॅप होतं. कुठल्याही साइटवरची खरेदी आमचं एआय आपोआप पूर्ण करतं, असं सांगून त्यांनी चार कोटी डॉलरहून जास्त भांडवल उभं केलं. एप्रिल २०२५ मध्ये संस्थापकावर आरोपपत्र आलं. त्यात म्हटलंय की आपोआप होणाऱ्या खरेदीचं प्रमाण प्रत्यक्षात जवळपास शून्य होतं, ऑर्डरी फिलिपिन्समधल्या कॉल सेंटरमधली माणसं भरत होती. त्याआधी मार्च २०२४ मध्ये अमेरिकेच्या शेअर बाजार नियामकाने डेल्फिया आणि ग्लोबल प्रेडिक्शन्स या दोन गुंतवणूक सल्लागार कंपन्यांकडून, एआयच्या वापराबद्दल दिशाभूल केल्याबद्दल, मिळून चार लाख डॉलर दंड घेतला.

पडद्यामागे माणूस असणं हा मात्र गुन्हा नव्हे. खऱ्या एआयलाही शिकवायला आणि तपासायला माणसं लागतातच. लपवणं वाईट. तुमच्या कोटेशनमध्ये ‘२४ तास एआय मॉनिटरिंग’ असेल तर विचारा : शंभरातले किती अलर्ट माणूस बघतो, तो कुठे बसतो, आणि आपल्या मुलांचे व्हिडिओ त्याच्याकडे किती दिवस राहतात? यावर सेल्सवाला गडबडला, तर त्याच्या इंजिनिअरशी बोला.

प्रत्यक्षात काय करायचं : आधी दोन्ही कोटेशनांतून ‘एआय’ हा शब्द खोडून वाचा. कॅमेऱ्याचं रिझोल्यूशन, रेकॉर्डिंग किती दिवसांचं, एएमसीचा (वार्षिक देखभाल कराराचा) खर्च, हे उरेल त्याची तुलना करा. मग महागड्यावाल्याला सांगा की गेटवर एक कॅमेरा आठवडाभर लावून दे, रात्रीसकट. त्यांच्या हॉलमधला डेमो नको, तिथल्या गाड्या त्यांनीच निवडलेल्या असतात. वॉचमनचं रजिस्टर नीट भरून घ्या आणि रोज ताडा : किती गाड्या सुटल्या, किती नंबर चुकले, किती अलार्म खोटे. आकडे समाधानकारक असतील तर तेच करारात लिहून घ्या, आणि ते गाठले नाहीत तर एएमसीतून कपात. ‘पुढच्या अपडेटमध्ये येईल’ या गोष्टीचे पैसे पुढच्या अपडेटलाच द्यायचे.

चाचणीला नाही म्हणाला, तर साधा सीसीटीव्ही घ्या आणि वाचलेल्या पैशातून गेटवर आणि मागच्या भिंतीला चांगले दिवे लावा. अंधारात धूसर दिसणारा माणूस एआयलाही धूसरच दिसतो.