मुलाने पुस्तक अर्ध्यावर सोडले, तर?

प्रश्न : माझा मुलगा नऊ वर्षांचा असून इंग्रजी माध्यमात शिकतो. तो मराठी छान बोलतो, पण वाचताना अडखळतो. त्याच्या वयात मी ‘श्यामची आई’ वाचले होते, म्हणून तेच त्याला दिले, परंतु पाच पानांपुढे तो गेला नाही. मीही कित्येक वर्षांत एखादे पुस्तक पुरे केलेले नाही. आम्ही दोघांनी काय वाचावे?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : मुलाने पुस्तक सोडले याचे वाईट वाटून घेऊ नका. ‘आश्चर्य’ किंवा ‘स्वच्छ’ अशा जोडाक्षराशी थांबून ते लावेपर्यंत वाक्याचा आरंभ त्याच्या मनातून निसटतो, आणि मग गोष्ट हाती लागतच नाही. साने गुरुजींनी 1933 मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या या पुस्तकातले जुन्या कोकणातले घर आणि तिथले शब्द त्याला सर्वस्वी अनोळखी आहेत. ते त्याच्याकडून वाचून घेण्याऐवजी आपण त्याला वाचून दाखवा. सुरुवातीपासूनच वाचले पाहिजे असेही नाही. न्हाणे झाल्यावर ओल्या तळव्यांना माती लागू नये म्हणून हट्ट धरणारा श्याम कोणत्याही मुलाला लगेच आपला वाटतो.

त्याने स्वतः वाचण्यासाठी भा. रा. भागवतांचा ‘फास्टर फेणे’ आणावा. वाचन कच्चे आहे म्हणून अगदी लहान मुलांची पुस्तके पुढे केली, तर नऊ वर्षांच्या मुलाला तो कमीपणा वाटतो. मोठ्यांच्या हे सहसा ध्यानात येत नाही. फुरसुंगीचा हा काटकुळा बनेश, त्याची सायकल आणि त्याचे ते ‘ट्टॉक’ मुलाला पुढच्या पानावर ओढून नेतात. पहिले प्रकरण आपण मोठ्याने वाचावे, दुसऱ्यात एक परिच्छेद आपण आणि एक त्याने, असे करावे, आणि तो चुकला तरी गोष्ट थांबवून शब्द दुरुस्त करू नये. एवढेही जड गेले, तर बालभारतीचे ‘किशोर’ मासिक आहे; 1971 पासूनचे त्याचे जुने अंक संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात, आणि त्यांतली एखादी कविता किंवा छोटी गोष्ट एका बैठकीत संपते.

आपल्यासाठी व्यंकटेश माडगूळकरांची ‘माणदेशी माणसं’ सुचवतो. एकेक व्यक्तिचित्र रात्री झोपण्यापूर्वी वाचून होते, त्यामुळे सवय मोडलेल्या वाचकाला ‘पुरे केले’ हे समाधान रोज मिळते. त्यानंतर मात्र प्रकाश नारायण संतांचे ‘वनवास’ घ्याच. आजीआजोबांकडे राहणारा लंपन हा मुलगा त्यात आपली गोष्ट स्वतः सांगतो, आणि त्याच्या ‘मॅड’ या लाडक्या शब्दासह सीमाभागातली ती कानडी वळणाची मराठी मोठ्याने वाचताना इतकी गोड लागते की शेजारी बसलेले मूल आपोआप कान देते. मुलाला न कळणारी त्यातली हुरहुर आपल्याला कळेल, आणि न उलगडता ती तशीच राहू द्यावी.

‘श्यामची आई’ मात्र कपाटात आत ठेवून देऊ नका. त्याचा हात पोचेल अशा फळीवर ते असू द्या.