एसी दुरुस्त करावा की बदलावा?

प्रश्न : आमच्या दीड टनाच्या स्प्लिट एसीला बारा वर्षे झाली. गेले तीन उन्हाळे दरवर्षी गॅस भरावा लागला. आता मेकॅनिक कॉम्प्रेसर बदलायला सांगतात, तर शेजारी म्हणतात की नवा फाइव्ह स्टार घ्या, वीजबिलातच पैसे वसूल होतील. काय करावे?
– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : एसीतला गॅस वापराने संपत नाही, तो बंद नळ्यांमधून फिरत राहतो. त्यामुळे दरवर्षी गॅस भरावा लागत असेल, तर कोठेतरी गळती आहे आणि ती न शोधताच पैसे घेतले गेले, असाच त्याचा अर्थ होतो. कॉम्प्रेसरचा विचार करण्यापूर्वी नळ्यांमध्ये नायट्रोजन भरून दाब तपासून घ्यावा व सांध्यांवर साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का, ते स्वतः उभे राहून पाहावे. गळती बाहेरच्या युनिटच्या नटापाशी निघाली तर काम थोडक्यात भागते. मात्र आतल्या कूलिंग कॉइललाच बारीक छिद्रे पडली असतील, तर बारा वर्षांच्या यंत्रावर कॉइल आणि कॉम्प्रेसर असा दुहेरी खर्च करू नये.

बाहेरच्या युनिटवरील पट्टीवर गॅसचे नाव छापलेले असते, तेही वाचावे. तेथे आर-२२ असेल, तर निर्णय आणखी सोपा होतो. ओझोनला घातक असलेला हा गॅस नव्या यंत्रांत भरण्यास आपल्याकडे २०२५ पासून बंदी आहे आणि मॉन्ट्रियल करारानुसार २०३० पर्यंत त्याचा वापर जवळपास थांबायचा आहे. हल्लीचा आर-३२ जुन्या यंत्रात भरून देतो, असे कोणी म्हटल्यास स्पष्ट नकार द्यावा. त्याचा दाब बराच जास्त असतो व तो काही प्रमाणात ज्वलनशीलही आहे.

शेजाऱ्यांचा हिशेब मात्र मला पटत नाही. कोल्हापुरात एसी खऱ्या अर्थाने चालतो तो मार्च ते मे. जूनमध्ये पाऊस लागला की बहुतेक घरांत तो बंदच असतो. रोज आठ तासांप्रमाणे ७५ दिवस धरले तर ६०० तास होतात. जुन्याच्या तुलनेत नवा इन्व्हर्टर एसी तासाला पाऊण युनिट वाचवतो असे मानले, तरी वर्षाची बचत ४५० युनिटे. तिला आपल्या बिलातील सर्वांत वरच्या स्लॅबच्या दराने गुणावे, म्हणजे किंमत वसूल व्हायला किती वर्षे लागतील ते कळेल. केवळ स्टारसाठी चालता एसी काढू नये, असे माझे मत आहे. तुमचा एसी बदलायचा तो गळतीमुळे.

थंडावा कमी झाला एवढीच तक्रार असती, तर फिल्टर आणि दोन्ही कॉइल धुऊन घ्या, असे आधी सांगितले असते. त्यानंतर पंधरा मिनिटे एसी चालवून आत ओढली जाणारी आणि बाहेर येणारी हवा साध्या थर्मामीटरने मोजावी. फरक ८ ते १२ अंश असल्यास यंत्र ठीक समजावे.

नवा घेतल्यास तांब्याची नळीही नवीच टाकून घ्यावी, कारण जुन्या नळीत आधीचे तेल राहते; आणि गॅस सोडण्यापूर्वी पंपाने नळीतील हवा काढून टाकण्याचा आग्रह धरावा.