जुन्या काळातले बॉक्सर आजच्या बॉक्सरांसमोर टिकले असते का?

वजनगट कोणता, ते आधी सांगा. हेवीवेट असेल तर मी आजच्यांच्या बाजूने, त्याखाली जुन्यांच्या.

हेवीवेटला वजनाची वरची मर्यादाच नसते. १९५० च्या दशकातला हेवीवेट विजेता रॉकी मार्सियानो ४९ पैकी ४९ लढती जिंकून निवृत्त झाला खरा, पण वजन जेमतेम ८५ किलो. आज तो क्रूझरवेटमध्ये, म्हणजे हेवीवेटच्या खालच्या गटात गेला असता. तो गट त्याच्या काळी नव्हताच. युक्रेनच्या उसिकने २०२४ मध्ये सहा फूट नऊ इंची ब्रिटिश हेवीवेट फ्युरीला दोनदा हरवलं, म्हणजे नुसता आकार पुरत नाही हे कबूल. पण 'छोटा' उसिकही शंभर किलोच्या वर होता! (१९६९ मध्ये संगणकाच्या भरवशावर मार्सियानो आणि अली यांची लुटुपुटूची लढत चित्रित केली होती. अमेरिकेत मार्सियानोला जिंकवलं. मला काही ते पटत नाही.)

खालच्या गटांत मात्र माझा माणूस शुगर रे रॉबिन्सन, १९४०-५० च्या दशकांतला वेल्टरवेट आणि मिडलवेट विजेता. ५ फेब्रुवारी १९४३ ला जेक लामोटाने त्याला पहिल्यांदा हरवलं. २६ फेब्रुवारीला त्याने त्याच लामोटाला हरवलं, आणि मधल्या तीन आठवड्यांत आणखी एक लढत मारली. आजचे विजेते वर्षाला दोन लढतात. अलीकडच्या काळातल्या मेवेदरच्या अख्ख्या कारकिर्दीत ५०, रॉबिन्सनच्या दोनशेच्या घरात. एवढ्या तऱ्हेतऱ्हेच्या माणसांशी भिडल्यावर जे अंगात मुरतं ते जिममध्ये मिळत नाही. १९५७ ची फुलमरविरुद्धची पाचवी फेरी यूट्यूबवर बघाच. रॉबिन्सन छत्तिशीला टेकलेला, मागे सरकतोय, आणि सरकता सरकताच डावा हुक हनुवटीवर. फुलमर खलास.

तरी एक मेख आहे. तेव्हा वजन लढतीच्याच दिवशी व्हायचं, आता आदल्या दिवशी होतं. आजचा वेल्टरवेट अंगातलं पाणी काढून गटाची मर्यादा असलेले १४७ पौंड (साधारण ६७ किलो) दाखवतो आणि रिंगमध्ये चार-पाच किलो भरून उतरतो. मग रॉबिन्सनसमोर खरं तर वरच्या गटातला माणूस उभा राहील. शिवाय १९८२ मध्ये कोरियन बॉक्सर किम दुक-कू लढतीतल्या दुखापतीने गेला, त्यानंतर विजेतेपदाच्या लढतींच्या पंधराच्या बारा फेऱ्या झाल्या. त्यामुळे जुन्या नियमांनी लढवलं तर रॉबिन्सन डोळे झाकून. आजच्या नियमांनीही तोच, पण गुणांवर, आणि घाम गाळून.

विजेतेपदाचे पट्टे मोजून तुलना करू नका. आज सतरा-अठरा वजनगट आणि पट्टे देणाऱ्या चार मोठ्या संघटना आहेत. १९३८ मध्ये हेन्री आर्मस्ट्राँगकडे एकाच वेळी तीन गटांची विजेतेपदं होती, तेव्हा गट होते आठ.