बर्लिनला येतोयस तर मुलीच्या शाळेचं आधी बघ

तू विचारलंयस की शिवाजी विद्यापीठातली पीएचडी संपत आलीय, बर्लिनमध्ये घरातल्या दिव्यावर चालणाऱ्या पेरोव्हस्काइट सोलर सेलवर (पेरोव्हस्काइट म्हणजे उजेडातून वीज देणारा एक स्फटिक पदार्थ) पोस्टडॉक मिळतोय, कॉन्ट्रॅक्ट दोन वर्षांचं, तर बायको आणि आठ वर्षांच्या मुलीला लगेच आणू का. व्हिसाचे नियम साइटवर आहेत ते वाच. मी इथे सात वर्षं आहे, आणि तुझा प्रश्न वाचल्यापासून नीट झोप नाही म्हणून लिहितेय.

आधी काम, कारण काम खरंच सुंदर आहे. आपण सेल एका सूर्याखाली मोजतो, म्हणजे चौरस सेंटिमीटरला १०० मिलिवॉट. १००० लक्सच्या एलईडीखाली मिळतात जेमतेम ०.३. करंट मायक्रोअँपवर येतो आणि उन्हात जी करंटची गळती लक्षातही येत नाही तीच इथे आउटपुट खाऊन टाकते. एलईडीसाठी बँडगॅप, म्हणजे इलेक्ट्रॉन सुटायला लागणारी ऊर्जा, १.९ इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपास हवा, म्हणून पेरोव्हस्काइटमध्ये आयोडाइडच्या जागी ब्रोमाइड वाढवायचं, ते वाढवलं की उजेडात आयोडाइड आणि ब्रोमाइड फुटून वेगळे होतात. मग दोन थर जिथे भेटतात तिथेच जीव ओतावा लागतो. आयटीओवर, म्हणजे काचेवरच्या पारदर्शक, वीज वाहणाऱ्या ऑक्साइडवर, एकाच रेणूच्या जाडीचा थर, रेणू टू-पॅक्झ किंवा मीओ-टू-पॅक्झ, कौनासचं तंत्रज्ञान विद्यापीठ आणि बर्लिनचं हेल्महोल्ट्झ सेंटर यांनी २०१९ मध्ये मिळून मांडलेले. रेणूचं फॉस्फोनिक आम्लाचं टोक ऑक्साइडला घट्ट धरतं, कार्बाझोल हे दुसरं टोक वर राहतं, आणि त्या कार्बाझोलवर मेथॉक्सी गट लावायचा का मिथाइल यावर होल, म्हणजे धन भार, किती सहज निघतील ते ठरतं. इथेनॉलमधलं द्रावण, स्पिन, मग १०० डिग्रीला दहा मिनिटं, वाटतं किती सोपं. मी त्याच जातीचा ‘मी-फोर-पॅक्झ’ हा रेणू घेतला तेव्हा वरची पेरोव्हस्काइटची शाई अळवाच्या पानावरच्या पाण्यासारखी गोळा होऊन घरंगळायची, दोन महिने एक अखंड फिल्म मिळाली नाही. मिळाली तेव्हा रात्री अकराला लॅबमध्ये एकटीच रडले.

आता कागद. रेसिडन्स कार्ड कॉन्ट्रॅक्टला बांधलेलं असतं आणि माझं कॉन्ट्रॅक्ट सहा-सहा महिन्यांनी वाढायचं, म्हणजे दर वेळी नवा फॉर्म, नवे फोटो, नवी अपॉइंटमेंट, आणि अपॉइंटमेंट मिळायचीच नाही. एकदा कार्ड संपलं, हातात फक्त ईमेलची पोच, आणि त्याच आठवड्यात मिरजेत आप्पा गेले. मी मिरजेला गेले असते तर परत यायला नव्याने व्हिसा काढावा लागला असता, लेक इथे शाळेत. मी नाही गेले. सगळं फोनवर बघितलं. भाऊ अजून त्यावर बोलत नाही, मीही नाही. म्हणून कार्डाची तारीख संपायच्या चार महिने आधीपासून मागे लाग, आणि आलेली प्रत्येक पोच प्रिंट करून ठेव.

एकटेपणाचं विचारलंयस. होते सवय. मराठी माणसं आहेत, गणपतीत भेटतात. त्यात विशेष काही नाही.

शाळेचं मात्र सांगते. माझी लेक आठ वर्षांची असताना आली. कोल्हापुरात पंधरापर्यंतचे पाढे म्हणायची, गोष्टींची पुस्तकं सलग वाचायची. इथे तिला भाषा शिकायला वेगळ्या वर्गात बसवलं, विल्कोमेन्सक्लास म्हणतात. वर्षभरासाठी म्हणाले, दीड वर्ष ठेवलं, वर एक इयत्ता मागे घातलं, का तर गणितातली शाब्दिक उदाहरणं तिला जमत नाहीत. अगं बाई, तिला गणित येतं, तुमचं जर्मन येत नाही! हे मी बाईंना तेव्हा बोलायला हवं होतं. पोर हात वर करायचीच बंद झाली, मधल्या सुट्टीत जिन्याखाली उभी राहायची, हे मला तिसऱ्या वर्षी कळलं. आणि मागच्या इयत्तेच्या त्या फॉर्मवर सही माझीच होती. नीट वाचला नव्हता. त्या दिवशी लॅबच्या ग्लोव्हबॉक्समध्ये (हवाबंद पेटीत) सॅम्पल ठेवून धावत आले होते, दुपारी इव्हॅपोरेटर (सेलवर धातूचा थर चढवायचं यंत्र) बुक होता, बाईंनी बोट ठेवलं तिथे सही केली. आज ती छान जर्मन बोलते, पण अजून वर्गातल्यांपेक्षा एक वर्षाने मोठी आहे आणि वाढदिवसाला कुणाला बोलवत नाही.

घेऊन ये तिला. ऑगस्टच्या आधी आण, नवं वर्ष उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर सुरू होतं. तिच्या कोल्हापूरच्या गुणपत्रकाचं जर्मन भाषांतर करून आण. शाळा बोलवेल तेव्हा दोघं जा, जर्मन येणारं कुणीतरी बरोबर घ्या, कागद घरी आणून वाचा आणि मगच सही करा. त्या दिवशी लॅबला जाऊ नकोस, इव्हॅपोरेटर बुक असला तरी.