तुमचा प्रश्न, ताईचं उत्तर: मी कोणती लोकल पकडते ते पण लिहिलंय

प्रश्न : ताई नमस्कार, मी ठाण्यात राहते आणि ट्रान्सहार्बरने रोज घणसोलीला नोकरीला जाते. ह्या लाइनच्या प्रवाशांचा एक मोठा ऑनलाइन ग्रुप आहे, त्याची मी तीन वर्षं मॉडरेटर आहे, पैसे वगैरे काही नाही, हौसेनं करते. दोन महिन्यांपूर्वी एकाने लेडीज डब्यातल्या बायकांचे चोरून काढलेले फोटो टाकले, मी ते उडवले आणि त्याला ब्लॉक केलं. मग बाहेरच्या कुठल्यातरी वेबसाइटवर माझ्या नावाचं पानच तयार झालं, माझा फोटो, ऑफिसचं नाव, सकाळी कोणती लोकल पकडते आणि कुठल्या डब्यात असते ते पण. खाली घाणेरड्या कमेंट. बाकीचे अ‍ॅडमिन म्हणाले की हे आपल्या ग्रुपवर झालेलं नाही, आपण काय करणार, तू थोडे दिवस शांत बस. आई म्हणते सोडून दे. सोडू का?

उत्तर : अगं, सोडायचं की नाही ते नंतर बघू, पत्र वाचताना मी त्या लोकलच्या वेळेपाशीच थांबले. शिव्या वेगळ्या, आणि ही बाई अमुक वाजता अमुक डब्यात भेटेल असं चार अनोळखी पुरुषांना सांगणं वेगळं. म्हणून आधी थोडे दिवस गाडी आणि डबा बदल, जमलं तर सोबत कोणीतरी असू दे. चूक त्याची आणि वेळ बदलायची तू, हे लिहिताना मला राग येतोय, पण तू सुखरूप घरी पोचणं आधी. गाडीत कोणी मागे लागलं तर रेल्वेची हेल्पलाइन १३९, बाहेर असशील तर पोलिसांसाठी ११२. ऑफिसात पण एकाला तरी सांगून ठेव, म्हणजे तिकडे फोन आलेच तर ते गोंधळणार नाहीत.

आता पुरावा. ते पान उडायच्या आत जपून ठेव. नुसता फोटो-कमेंटचा स्क्रीनशॉट नको, वरचा पूर्ण पत्ता आणि तारीख-वेळ दिसली पाहिजे. वेबॅक मशीन नावाच्या, वेबपानांच्या प्रती जपणाऱ्या साइटवर पण साठवता येतं, पण तिथली प्रत सगळ्यांना दिसते, तुझा फोटो आणि गाडीची वेळ असलेलं पान तिथे टाकू नको, स्वतःच्या कॉम्प्युटरवर पूर्ण पान सेव्ह कर. आणि तू त्याला ब्लॉक केलंस त्या दिवसाची ग्रुपमधली नोंद, ती पण ठेव, कारण हे सगळं कशावरून सुरू झालं ते त्यातूनच दिसतं. पुढे कोर्टात असला पुरावा द्यायचा तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे सर्टिफिकेट लागतं, म्हणून ज्या फोनवर काढलंस तो लगेच विकू-बिकू नको.

पोलिसांत जाशील तेव्हा एक गोष्ट पक्की लक्षात ठेव. घर ठाणे आयुक्तालयात आणि ऑफिस नवी मुंबई आयुक्तालयात, त्यामुळे इकडचे तिकडे पाठवतील आणि तिकडचे इकडे अशी भीती असते. पण नव्या बीएनएसएसच्या, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मधे साफ लिहिलंय की गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, दखलपात्र असेल, म्हणजे कोर्टाच्या परवानगीशिवाय पोलीस तपास करू शकतात असा असेल, तर पोलीस स्टेशनला माहिती नोंदवून घ्यावी लागते, झीरो एफआयआर म्हणतात तीच. कोणी मागावर राहून नको म्हटलं तरी परत परत संपर्क करत असेल, किंवा तुझ्या नेटवरच्या वापरावर पाळत ठेवत असेल तर बीएनएसचं, म्हणजे भारतीय न्याय संहितेचं कलम ७८. नाव लपवून धमकी दिली असेल तर ३५१(४). डॉक्सिंग, म्हणजे कोणाची खासगी माहिती अशी उघड करणं, या नावाचं वेगळं कलम त्यात नाही, म्हणून तक्रारीत डॉक्सिंग झालं एवढंच न लिहिता काय काय घडलं ते तारीखवार लिही. आणि कोणी आयटी कायद्याचं ६६ अ लाव म्हणालं तर ऐकू नको, ते कलम सुप्रीम कोर्टाने २४ मार्च २०१५ ला रद्द केलंय. नॅशनल सायबर क्राइम पोर्टलवरही तक्रार टाक. १९३० हा सायबर हेल्पलाइनचा नंबर मात्र मुख्यतः पैशाच्या फसवणुकीसाठी आहे.

पान काढायला साइटवाल्याला विनवण्या करू नको, ते मेल पण तो तिथेच छापेल. साइटचं डोमेन, म्हणजे तिचा वेबवरचा पत्ता, कोणी विकला आणि सर्व्हर कोणाचा ते हू-इज शोधात, म्हणजे डोमेनची नोंद दाखवणाऱ्या शोधात, बऱ्याचदा कळतं, त्या कंपन्यांकडे गैरवापराची तक्रार घ्यायचा मेल असतो, तिकडे लिही. फोटो तूच काढलेला सेल्फी असेल तर कॉपीराइट तुझा, त्या मुद्द्यावर कंपन्या पटकन हलतात. गूगलकडे पण खासगी माहिती सर्चमधून काढायचा फॉर्म आहे. त्याने पान जात नाही पण तुझं नाव टाकल्यावर ते वर येणं थांबतं, आणि ऑफिसवाले-नातेवाईक तसंच तर शोधतात.

आणि सोडू का, तर तुला विश्रांती हवी म्हणून सोडत असशील तर खुशाल सोड, पण तू सोडावंस म्हणूनच त्याने हे केलंय. त्या बायकांचे फोटो तू उडवलेस ते योग्यच होतं.

प्रश्न : आमचा तलाव आणि कचऱ्याच्या तक्रारींचा ग्रुप आहे, मी अ‍ॅडमिन, राहायला मानपाड्याला. आमच्या एका कार्यकर्त्याबद्दल बाहेरच्या साइटवर वाट्टेल ते लिहिलं जातंय आणि लिहिणारा आमचाच मेंबर आहे, तो कबूलही करतो. पण ग्रुपमधे तो एकदम सभ्य वागतो. बाहेरच्या गोष्टीवरून काढता येतं का?

उत्तर : येतं, काढा. वरच्या पत्रातल्या मुलीला तिच्या अ‍ॅडमिननी जे ऐकवलं तेच तुमच्याकडे होऊ देऊ नका. तो बाहेर लिहितोय पण कशावरून लिहितोय, तुमच्या ग्रुपच्या कामावरून ना, मग ते तुमचंच आहे. विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशनने २०२१ मधे सगळ्यांसाठी एक आचारसंहिता मंजूर केली, त्यात संमतीशिवाय दुसऱ्या सदस्याचं नाव, नोकरीची जागा, पत्ता उघड करणं आपल्या प्रकल्पावर असो की दुसरीकडे कुठे, चुकीचंच धरलंय. एवढ्या मोठ्या समुदायाने मान्य केलंय तर तुमच्या नियमांत दोन ओळी टाकायला काय हरकत आहे.

फक्त एक करा, त्या साइटची लिंक ग्रुपमधे फिरू देऊ नका, आणि तुमच्या पोरांना तिकडे जाऊन भांडू पण देऊ नका. प्रत्येक उत्तराने ते पान ताजं होतं. लिंक दोन अ‍ॅडमिनकडे ठेवा, त्यांनीच रोज बघायचं आणि जपायचं, त्या बिचाऱ्या कार्यकर्त्याला स्वतःबद्दलचं परत परत वाचायला लावू नका. आणि इथून पुढे कोणाला काढलं, कोणाची पोस्ट उडवली की खाली एका माणसाचं नाव न येता अ‍ॅडमिन मंडळ एवढंच येऊ दे.